फितरा : तांदूळ द्यावा की पैसे, आणि माप नेमके कोणते?

खाडीकाठ

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की आमच्या गावच्या मशिदीत तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजनंतर) फितऱ्याची आठवण करून दिली जाते, आणि त्याच सुमारास मुंबईतल्या नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांवर वेगळाच आकडा फिरू लागतो. गावी सांगतात, माणशी एक साअ (धान्याचे एक जुने माप) तांदूळ द्या. मुंबईच्या फलकावर पावणेदोन शेर गव्हाची किंमत लिहिलेली असते. एकाच घरातला थोरला भाऊ तांदूळ मोजतो आणि धाकटा फोनवरून पैसे पाठवतो, आणि दोघांनाही दुसऱ्याचे काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते. या गोंधळावर शांतपणे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्या वाचकांना हा विषय परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. फितरा, म्हणजेच सदका-ए-फित्र किंवा जकातुल फित्र, हे रमजानच्या अखेरीस माणशी द्यावयाचे बंधनकारक दान आहे. रोजे ज्या वर्षी फर्ज (बंधनकारक) झाले त्याच वर्षी, म्हणजे हिजरी सन २ मध्ये, हेही लागू झाले. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर यांच्या कथनानुसार पैगंबरांनी खजुराचा एक साअ किंवा जवाचा एक साअ इतका फितरा गुलाम व स्वतंत्र, स्त्री व पुरुष, लहान व मोठा अशा प्रत्येक मुसलमानावर बंधनकारक केला आणि लोक ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी तो दिला जावा असे फर्मावले. हजरत इब्न अब्बास यांच्या कथनात त्याची दोन प्रयोजने येतात : रोजेदाराच्या हातून घडलेल्या फोल व अभद्र बोलण्याची शुद्धी आणि गरिबांच्या अन्नाची सोय. नमाजपूर्वी दिला तर तो जकात म्हणून स्वीकारला जातो आणि नमाजनंतर दिला तर इतर दानांसारखे ते एक दान ठरते, असेही त्याच कथनात पुढे आहे. वेळेचे महत्त्व यावरून लक्षात यावे.

साअ हे मदिनेतले धान्य मोजण्याचे माप होय. चार मुद म्हणजे एक साअ, आणि एक मुद म्हणजे मध्यम हातांच्या माणसाची भरलेली ओंजळ, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

आता आमच्या भागाविषयी. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार मजहबांपैकी (परंपरांपैकी) एका मजहबाचे आहेत; माहीमचे मखदूम फकीह अली माहिमी (१३७२–१४३१) हे याच परंपरेतले विद्वान होते. शाफई शास्त्राप्रमाणे फितरा त्या गावाच्या मुख्य अन्नाचा द्यावा लागतो. आमच्याकडे भात पिकतो आणि दोन्ही वेळा भातच खाल्ला जातो, म्हणून तांदूळ. एक साअ तांदळाचे वजन आमच्याकडचे उलेमा अडीच ते तीन किलोच्या दरम्यान सांगतात आणि काठावर राहू नये म्हणून बरेच जण सरळ तीन किलो देतात. धान्याऐवजी त्याची किंमत देणे शाफई मजहबात मान्य नाही. हनफी या दुसऱ्या मजहबात मात्र ते पूर्णपणे मान्य आहे, आणि मुंबई, पुणे, मराठवाडा, खानदेश येथील बहुसंख्य मुसलमान हनफी असल्यामुळे शहरी फलकावरचा आकडा हनफी हिशेबाचा असतो.

माझे मत आधीच मांडतो. शाफई कुटुंबाने शहरातला सर्वात लहान आकडा वाचून तेवढे पैसे पाठवून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. ज्याला हनफी मताचा आधार घ्यायचा आहे त्याने तो समजून उमजून आणि पूर्ण घ्यावा. रक्कम कमी दिसते म्हणून घेऊ नये. जाणकारांनी लिहावे.

मापटे

धागा आवडला. मी मुसलमान नाही, परंतु आमच्या घरची धान्याची अडत होती, त्यामुळे मापाचा भाग वाचताना विशेष रस वाटला. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही आपली जुनी मापे आकारमानाची. एकाच पायलीत जव, गहू आणि तांदूळ आळीपाळीने भरले तर तराजूवर तीन वेगळी वजने येणार, शिवाय शीग लावून मोजले की पट्टी फिरवून, यानेही फरक पडणार. साअ हे माप पायलीच्या जातीचे असेल, तर त्याचा किलोतला आकडा गावोगाव थोडाफार बदलतो यात आश्चर्य काहीच नाही.

दोन शंका आहेत. जकात ही शेकडा अडीच टक्के असते असे ऐकले होते, मग फितरा तिच्यात धरला जातो का? आणि तान्ह्या बाळाच्या नावानेही दान द्यावे लागते, तर ते बाळ रोजे कुठे ठेवते?

पाणचक्की

मापटे साहेब, फितरा जकातीत धरला जात नाही. जकात ही संपत्तीवर असते : निसाबापेक्षा, म्हणजे ठरलेल्या किमान संपत्तीपेक्षा, अधिक माल चांद्र वर्षभर जवळ राहिला तर त्याचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. फितरा माणसावर असतो. घरात सहा माणसे असतील तर सहा फितरे, तिजोरीतल्या रकमेप्रमाणे तो वाढत नाही. म्हणूनच बाळाचाही लागतो. त्याचा संबंध रोजा ठेवण्याशी जोडलेला नाही. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे ज्याचे रोजे सुटले त्यालाही फितरा माफ होत नाही.

मी मराठवाड्यातला हनफी आहे, तेव्हा आमची बाजू जरा सविस्तर मांडतो, कारण ‘हनफींचे स्वस्तात भागते’ असा सूर कोकणी मित्रांच्या बोलण्यात अनेकदा असतो आणि तो मला अन्यायकारक वाटतो.

आमच्याकडे गहू असेल तर अर्धा साअ आणि जव, खजूर किंवा मनुका असतील तर पूर्ण साअ. हा अर्धा साअ आला कुठून? हजरत अबू सईद खुदरी सांगतात की पैगंबरांच्या हयातीत आम्ही अन्नाचा, जवाचा, खजुराचा, पनीराचा किंवा मनुकांचा एक साअ देत असू. पुढे अमीर मुआविया हजला किंवा उमऱ्याला आले असता त्यांनी मिंबरावरून (मशिदीतल्या प्रवचनपीठावरून) सांगितले की माझ्या मते शाम देशाच्या (सीरियाकडच्या) गव्हाचे दोन मुद खजुराच्या एका साअच्या बरोबरीचे आहेत. लोकांनी ते स्वीकारले. अबू सईद यांनी मात्र मी पूर्वीसारखाच देत राहीन असे सांगितले. गहू त्या काळी महाग आणि दुर्मीळ होता, म्हणून अर्ध्यात बरोबरी होत होती. हनफी फकीह (धर्मशास्त्रज्ञ) यासाठी इतर कथनांचाही आधार देतात, परंतु वाद नेमका कुठे आहे हे या एका प्रसंगातून पुरेसे कळते.

माप किती मोठे, याविषयीही जुना मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते साअ आठ इराकी रतलांचा (रतल हे जुने वजन). मदिनेच्या लोकांच्या मते पाच रतल आणि एक तृतीयांश. अबू हनीफांचे थोर शिष्य काझी अबू यूसुफ मदिनेला गेले तेव्हा तेथील लोकांनी वाडवडिलांकडून चालत आलेले आपापले साअ घरून आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते मोजून पाहिले, ते जवळजवळ सारखेच निघाले, आणि अबू यूसुफ यांनी गुरूचे मत सोडून मदिनेचे माप मान्य केले. हनफींचा फतवा मात्र आठ रतलांवरच राहिला. म्हणजे आमचा पूर्ण साअ तुमच्या शाफई साअपेक्षा मोठा आहे, हे कोकणी मित्रांनी लक्षात घ्यावे.

हिंदुस्थानात हे माप तोळ्यांत बसवले गेले. अर्धा साअ म्हणजे पावणेदोन शेर. ऐंशी तोळ्यांच्या शेराप्रमाणे १४० तोळे. आणि तोळा ११.६६४ ग्रॅमचा धरला तर १ किलो ६३३ ग्रॅम. फलकावर दिसणारा हा विचित्र आकडा असा तयार झालेला आहे. बरेलवी उलेमांच्या हिशेबाने हाच अर्धा साअ दोन किलोहून किंचित अधिक भरतो. शंका नको म्हणून दोन किलो गहू किंवा त्याची किंमत धरावी, असे मला स्वतःला वाटते.

रोख रकमेबद्दल : खलीफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी बसऱ्याला लिहून माणशी अर्धा दिरहम घेण्याची मुभा दिली होती, असे कथन आहे. हिजरी पहिल्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट आहे. पैसे देण्याची कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही.

आणि स्वस्तात भागण्याविषयी शेवटचे. आमच्याकडे फितरा सर्वांवर वाजिब (बंधनकारक) होत नाही. गरजेपुरत्या वस्तू आणि कर्ज वगळून ज्याच्याकडे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतके काही उरते त्याच्यावरच तो येतो. त्यासाठी वर्ष पूर्ण होण्याची अट नाही. तुमच्याकडे ज्याच्या घरी ईदच्या रात्रीचे आणि दिवसाचे अन्न भागून काही शिल्लक राहते त्या प्रत्येकावर तो लागतो. माप वेगळे आहे, तसे देणाऱ्यांचे वर्तुळही वेगळे आहे.

खाडीकाठ

पाणचक्की भाई, तपशीलवार लिहिल्याबद्दल आभारी आहे. देणाऱ्यांच्या वर्तुळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आमच्याकडे मोलमजुरी करणारी बाईसुद्धा स्वतःचा आणि मुलांचा फितरा काढते आणि त्याच दिवशी तिच्या दारात इतरांचा फितरा येतो. एकच माणूस देणारा आणि घेणारा असू शकतो, आणि शास्त्राला त्यात काही वावगे वाटत नाही.

आंबोळी

मी रत्नागिरीकडची आहे आणि आमच्या मोहल्ल्यात बायकांच्या गटाबरोबर फितऱ्याच्या वाटपाला जाते. शास्त्र आपण पुरुषमंडळींनी छान मांडले. वाटप प्रत्यक्ष कसे होते ते मला लिहायचे आहे.

आमच्याकडे प्रत्येक घर आपला तांदूळ पिशवीतून आणते आणि जमातीच्या (मोहल्ल्यातल्या मुस्लिम समाजाच्या संघटनेच्या) खोलीत तो गोणीत रिकामा केला जातो. कोणी कोलम आणतो, कोणी बासमतीचा तुकडा, कोणी घरच्या शेतातला जाडा तांबडा तांदूळ आणि कोणी, हे स्पष्टच लिहिते, रेशनचा तांदूळ, जो त्या घरात कोणी खात नाही. हे सगळे एकत्र मिसळते. ज्या विधवेच्या घरी आम्ही ही गोणी पोचवतो तिने तो तांदूळ शिजत घातला की तुकड्याचा पार गिचका होतो आणि जाडा दाणा मध्ये कच्चाच राहतो. भाकरीसाठी दळून आणावा म्हटले तरी नवा आणि जुना तांदूळ एकत्र असला की पिठाला चिकटपणा नीट येत नाही. मग ती काय करते? ईद झाल्यावर वाण्याला विकते, आणि वाणी मिसळलेला माल म्हणून पडत्या भावाने घेतो. बाजारातून चांगल्या भावाने घेतलेला तांदूळ तिच्या हातात जेमतेम निम्म्या किमतीचा उरतो.

दुसरी गोष्ट. अन्नसुरक्षा योजनेच्या शिधापत्रिकेवर तिला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून तेही मोफत. तांदळाची तिच्याकडे वाण नाही. तिला ईदच्या आदल्या दिवशी तेल, साखर, शेवया, दूध आणि लेकरांच्या अंगावर कपडे हवे असतात. मी शाफई आहे, मजहब सोडा असे म्हणत नाही. परंतु आपण मोजून दिलेला साअ तिच्या चुलीपर्यंत कसा पोचतो, हेही पाहिले पाहिजे.

सरळमार्गी

आंबोळी ताईंच्या अनुभवानंतर प्रश्न निकालात निघालाच आहे. गुगल पे करा आणि मोकळे व्हा. चौदाशे वर्षांपूर्वी नाणी कमी होती म्हणून धान्य सांगितले गेले, एवढे सोपे आहे.

खाडीकाठ

सरळमार्गी, ते तितके सोपे नाही. मदिनेत त्या काळी दिरहम आणि दीनार चलनात होते आणि मालाची जकात त्यातच घेतली जात होती. तरीही फितऱ्यासाठी धान्य सांगितले गेले, यावरच शाफई, मालिकी आणि हंबली फकीहांचा भर आहे. त्यांच्या दृष्टीने इबादतीत ठरवून दिलेली वस्तू आपल्या सोयीने बदलता येत नाही. हनफी फकीहांच्या दृष्टीने गरिबाची निकड भागणे हा हेतू आहे आणि तो पैशाने अधिक चांगला साधतो. दोन्ही बाजूंना वजन आहे, त्यामुळे ‘नाणी कमी होती’ हे उत्तर कोणाच्याच पदरात घालता येणार नाही.

आंबोळी ताईंच्या मुद्द्याबाबत : शाफई ग्रंथांत एक साअ दोन वेगळ्या धान्यांचा मिसळून देऊ नये असे सांगितले आहे, म्हणजे अर्धा गहू आणि अर्धा तांदूळ चालत नाही. एकाच धान्याच्या दोन वाणांना हा नियम लागू होत नाही, म्हणून आपल्या गोणीत शास्त्राची अडचण नसेलही. पण शिजवणारीची अडचण आहे आणि ती आपणच निर्माण करतो. किडलेले किंवा खराब धान्य तर अजिबात चालत नाही. गरिबाच्या हाती आल्यावर तो तांदूळ त्याच्या मालकीचा होतो आणि त्याने तो विकला तर त्यात त्याचा काही दोष नाही. दोष असलाच तर मिसळणाऱ्यांचा आहे.

एक हिशेब पाहा. समजा गहू ४० रुपये किलो आहे आणि चांगला कोलम ६० रुपये. हनफी हिशेबाने १ किलो ६३३ ग्रॅम गव्हाचे साधारण ६५ रुपये होतात. शाफई हिशेबाने तीन किलो कोलम म्हणजे १८० रुपये. हनफींकडे तांदळाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो किंमत म्हणून धरला जातो, म्हणजे अर्ध्या साअ गव्हाच्या किमतीइतका तांदूळ दिला की पुरे. याचा अर्थ तीन किलो तांदूळ देणाऱ्याचा फितरा दोन्ही मजहबांप्रमाणे अदा होतो, आणि ६५ रुपये पाठवणाऱ्याचा एकाच मजहबाप्रमाणे. जो हा पर्याय मुद्दाम निवडतो त्याच्याशी माझे भांडण नाही, पण मुंबईतल्या आमच्या भावंडांपैकी किती जणांनी तो असा निवडलेला आहे?

पाणचक्की

हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच मांडला आहे. हनफी फलकावर गव्हाच्या आकड्याखाली आणखी तीन आकडे असतात : जव, खजूर आणि मनुका. या तिन्ही वस्तूंचा पूर्ण साअ, म्हणजे ३ किलो २६६ ग्रॅम. मनुका ४०० रुपये किलो धरल्या तर एका माणसाचा फितरा १३०० रुपयांच्या वर जातो. हे सर्व आकडे सारखेच वैध आहेत. ज्याची जशी ऐपत तसा आकडा त्याने निवडावा, अशी उलेमांची दर वर्षीची विनंती असते.

प्रत्यक्षात काय होते? रिक्षाचालक ६५ रुपये देतो आणि ज्याची दोन दुकाने आहेत तोही ६५ रुपयेच देतो, आणि दोघेही ‘फितऱ्याचा दर’ याच शब्दांत बोलतात. तो दर नव्हे, ती तळाची पायरी आहे. इफ्तारीला अजवासारखा महागडा खजूर मागवणाऱ्याने फितरा गव्हाने काढावा, यात कायदा मोडत नाही हे खरे, पण मला ते शोभणारे वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यात काही वर्षांपासून फलकावर मनुकांचा आकडा सर्वात वर लिहिण्यास सुरुवात केली आणि गव्हाचा सर्वात खाली. ज्यांना पूर्वी दुसरा आकडा असतो हेच माहीत नव्हते असे काही जण आता खजुराच्या हिशेबाने देतात.

दोहा_दापोली

मी कतारला असतो. बायको, मुले आणि आईवडील गावी. माझ्यासारखे कोकणी इकडे आखातात पुष्कळ आहेत आणि दर वर्षी हाच प्रश्न पडतो की फितरा इथे द्यायचा की गावी. मी शाफई आहे. शिवाय इकडची ईद बहुतेक वेळा एक दिवस आधी येते. २०२५ साली इकडे ३० मार्चला ईद झाली आणि भारतात ३१ मार्चला. मग वेळ कोणती धरायची?

खाडीकाठ

दोहा_दापोली, शाफई मताप्रमाणे रमजानच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की फितरा लागू होतो, आणि ज्या माणसाचा फितरा आहे तो माणूस त्या वेळी जिथे असेल ते ठिकाण धरले जाते. २०२५ चेच उदाहरण घेतले तर आपला स्वतःचा फितरा २९ मार्चच्या सूर्यास्ताला दोह्यात लागू झाला. बायको-मुलांचा ३० मार्चच्या सूर्यास्ताला गावी. आपला फितरा तिकडच्या मुख्य अन्नाचा तिकडच्या गरजूंना द्यावा आणि घरच्यांचा गावी. तो गावी देण्यासाठी आपण पत्नीला किंवा जमातीला वकील नेमू शकता, म्हणजे पैसे त्यांच्याकडे पाठवायचे आणि त्यांनी आपल्या वतीने तांदूळ घेऊन वाटायचा. शाफई मजहबात फितरा रमजानच्या पहिल्या दिवसापासून देता येतो, त्यामुळे शेवटच्या दिवसाची घाई करण्याचे कारण नाही. आईवडिलांचा खर्च आपल्यावर असेल तर त्यांचाही फितरा आपल्यावर येतो, हे विसरू नये.

पाणचक्की

हनफींसाठी पुरवणी : आमच्याकडे देणारा जिथे असतो त्या ठिकाणचा भाव धरला जातो. कुवेतमधल्या बापाने गावी असलेल्या अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांचा फितरा कुवेतच्या गव्हाच्या भावाने काढावा. वाटप मात्र गावी केले तरी चालते, विशेषतः तिथे गरजू नातलग असतील तर. बायकोचा फितरा आमच्याकडे तिचा तिच्यावर असतो, परंतु नवऱ्याने तिच्या संमतीने दिला तर अदा होतो. शाफईंकडे तो नवऱ्यावर आहे.

मापटे

माहिती वाढत चालली आहे. आणखी एक विचारतो, आणि प्रश्न आगाऊपणाचा वाटला तर सोडून द्यावा. आमच्या गल्लीत मुसलमान कुटुंबे आहेत आणि त्यांच्या शेजारी तितकीच हलाखीत असलेली हिंदू कुटुंबेही आहेत. फितरा त्यांना देता येतो का?

पाणचक्की

प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नाही. हनफी ग्रंथांत त्यावर चर्चा आहे. जकात मुसलमान गरिबालाच द्यावी लागते. फितऱ्याच्या बाबतीत इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी मुस्लिमेतर गरिबाला देण्यास परवानगी दिलेली आहे, मुसलमान गरिबाला देणे अधिक चांगले असे सांगून. अबू यूसुफ यांनी ती नाकारली. बाकीचे तीन मजहबही फितरा मुसलमानालाच द्यावा असे मानतात. ऐच्छिक दानाला, म्हणजे नफल सदक्याला, मात्र कोणाच्याही मते असे बंधन नाही. शेजाऱ्याच्या घरी त्या दिवशी शीरखुर्मा आणि चार पैसे पोचवायचे असतील तर ते सरळ त्या खात्यातून जावे. वाद नको आणि हिशेबही स्वच्छ राहतो.

आंबोळी

कोणाला देऊ नये, हेही कोणीतरी लिहावे, कारण वाटपाच्या वेळी सर्वात जास्त कटुता त्यावरूनच येते. एका ठिकाणी फितऱ्याची रक्कम मशिदीच्या फरशीसाठी वळवलेली मी पाहिली आहे आणि त्यावर प्रश्न विचारणाऱ्या बाईला गप्प बसवलेलेही पाहिले आहे.

पाणचक्की

आंबोळी ताई, त्या बाईंचा प्रश्न योग्यच होता. हनफी मताप्रमाणे फितरा एखाद्या गरजू माणसाच्या मालकीत द्यावा लागतो. इमारत, फरशी, पंखा यांना मालकी नसते. इमामाचा पगार किंवा तरावीह पढवणाऱ्या हाफिजाचा मोबदला म्हणूनही तो देता येत नाही. इमाम स्वतः गरीब असेल तर गरीब म्हणून देता येईल, मोबदला म्हणून नाही. आपले आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे आणि नवरा किंवा बायको यांना देता येत नाही. भाऊ, बहीण, आत्या, मावशी, मामा गरजू असतील तर त्यांना देणे उत्तम. सय्यद (पैगंबरांच्या वंशजांच्या) घराण्याला फितरा देता येत नाही, त्यांची मदत वेगळ्या पैशातून करावी.

सरळमार्गी

माझ्या वरच्या प्रतिसादात घाई झाली असेल, पण मला खरोखर एक अडचण आहे. मागच्या वर्षी प्रवासात असल्यामुळे फितरा द्यायचा राहून गेला. आता तो गेला, असे समजायचे का?

खाडीकाठ

जात नाही. हनफींकडे तो देईपर्यंत डोक्यावर राहतो, आणि शाफईंकडे ईदच्या दिवसाचा सूर्य मावळल्यावर तो कजा होतो, म्हणजे फेडावा लागतोच. विनाकारण उशीर केला तर त्याचा गुन्हा वेगळा. मागच्या वर्षीचा आजच देऊन टाका आणि यंदाचा वेगळा द्या.

यंदा आमच्या जमातीत या सगळ्यावर बैठक झाली. आंबोळी ताईंनी लिहिलेली गोणीची व्यथा आमच्याकडेही होती, म्हणून असे ठरले आहे : ज्याला घरून तांदूळ आणायचा आहे त्याने जरूर आणावा, पण तो गोणीत ओतला जाणार नाही, पिशवी जशीच्या तशी जाईल. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने तीन किलो कोलमची किंमत सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत जमा करावी आणि जमातीला वकील नेमल्याचे तोंडी सांगावे. सगळ्या पैशाचा एकाच वाणाचा तांदूळ एकदम घाऊक भावाने येईल आणि तीन-तीन किलोच्या पिशव्या भरल्या जातील. तेल, साखर, शेवया आणि कपडे यांसाठी वेगळी पेटी ठेवली आहे. ती ऐच्छिक दानाची असून तिचा फितऱ्याशी काही संबंध नाही. वाटप अठ्ठाविसाव्या रोज्याला होईल, कारण चंद्र एकोणतिसाव्याला दिसला तर रात्रीतून दारोदार जाणे शक्य होत नाही.

असे एकत्र गोळा करण्यावर बैठकीत एकाने ‘ही नवी पद्धत’ म्हणून आक्षेप घेतला. परंतु हजरत अबू हुरैरा यांना पैगंबरांनी रमजानच्या जकातीच्या धान्यावर राखण ठेवले होते आणि रात्री कोणीतरी येऊन ओंजळी भरभरून धान्य उचलत होते, ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. धान्य एका जागी साठवल्याशिवाय त्याची राखण कशी झाली असती?

आंबोळी

वेगळ्या पेटीची कल्पना आम्हीही घेऊ. एक शेवटची शंका, घरगुती आहे. आमच्या सुनेची प्रसूतीची तारीख ईदच्या आसपासची आहे. पोटातल्या बाळाचा फितरा द्यायचा असतो का, आणि बाळ नेमके चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, जन्मले तर?

खाडीकाठ

आधी आपले अभिनंदन, ताई. पोटातल्या बाळाचा फितरा बंधनकारक नाही; हजरत उस्मान यांच्याविषयी असे सांगितले जाते की ते तोही देत असत, म्हणून खुशीने कोणी दिला तर चांगलेच आहे. शाफई हिशेबाने शेवटच्या रोज्याच्या सूर्यास्तापूर्वी बाळ जन्मले तर त्याचा फितरा लागतो, सूर्यास्तानंतर जन्मले तर लागत नाही.

पाणचक्की

आणि हनफी हिशेबाने ईदच्या पहाटेची वेळ धरतात, त्यामुळे चाँदरातीला जन्मलेल्या बाळाचाही लागतो. मापटे साहेबांनी सुरुवातीलाच विचारलेल्या प्रश्नाचे याहून लहान उदाहरण मिळणार नाही. ताई, आपण शाफई आहात, तेव्हा घड्याळ सूर्यास्ताचे ठेवा; सुनेच्या माहेरची मंडळी हनफी असतील तर ती पहाटेचे सांगतील, त्यावरून घरात वाद घालू नका. एक पिशवी आधीच बाजूला भरून ठेवा.

मापटे

तीन किलोच्या पिशव्या भरताना एक व्यवहाराची सूचना करतो. घाऊक तांदूळ पन्नास किलोच्या कट्ट्यात येतो आणि त्यातून तीन-तीन किलोच्या सोळा पिशव्या निघून दोन किलो उरतात. ते दोन किलो वेगळे न ठेवता पुढच्या कट्ट्यात टाकत जावे, नाहीतर रात्री उशिरा तेवढ्यावरून हिशेब जुळत नाही. आणि वजनकाटा त्या दिवशी सकाळी एकदा प्रमाणित वजन ठेवून तपासून घ्यावा.

खाडीकाठ

सूचना नोंदवून घेतली. काटा आमच्याच दुकानातून आणणार आहे. वजन-मापे खात्याचा शिक्का ताजा आहे.